लंबक: वजन बदलावं की दोरी?

लंबकाच्या, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाच्या, झोक्याला लागणारा वेळ कशाने बदलतो: वजनाने की दोरीच्या लांबीने? खानापूरच्या घरी तुळईला दोरी बांधून मुलांसोबत दोन्ही करून बघितलं. आधी 50 ग्रॅमचं वजन, मग 200 ग्रॅमचं. जाऊन-येऊन दहा झोक्यांना दोन्ही वेळा साधारण 20 सेकंदच! जड वजनाला पृथ्वी जास्त ओढते, पण ते हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. जडाचे झोके हवेने उशिरा मंदावतात, एवढंच.

दोरीने मात्र सगळं बदलतं. 1 मीटरला एक झोका सुमारे 2 सेकंदांचा, 25 सेंटिमीटरला 1 सेकंदाचा. लांबी चौपट, वेळ दुप्पट. मला हेच फार सुंदर वाटतं. मोजताना दोरी वजनाच्या मध्यापर्यंत धरा. आम्ही आधी गाठीपर्यंतच मोजली आणि हिशेब जुळेना. वजन सोडताना थोडंच ओढा, मोठ्या झोक्याला वेळ किंचित जास्त लागतो.