कान खाजतोय तर नक्की घ्यायचं काय? टायटॅनियम, स्टील, सोनं की चांदी

कानातलं घातलं की पाळी लाल होणार, मग खाज, मग दोन दिवसांनी भोकातून चिकट लस यायला लागणार आणि सकाळी उशीवर पिवळट डाग. हे मी जवळजवळ अकरा वर्षं काढलंय. मला वाटायचं इन्फेक्शन आहे, मलम लावायचे, बरं वाटलं की परत तेच टॉप्स. शेवटी बेंबीखाली जीन्सचं बटण टेकतं तिथे तसाच गोल खाजरा चट्टा आला तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, घड्याळाच्या बकलखाली पण होतं का? होत होतं! तिथून कळलं की कानाचा काही दोष नाही, निकेल या धातूची ॲलर्जी आहे.

सध्या कोणी याच अडचणीत असेल आणि नवीन काहीतरी घ्यायचं ठरवत असेल तर धातू शेजारी शेजारी ठेवून बघूया. पण त्याआधी एक खात्री करा की ही ॲलर्जीच आहे, कारण दोन गोष्टी कायम ॲलर्जी समजल्या जातात आणि चांगले दागिने फुकट बाद होतात. बोट हिरवं होणं ही ॲलर्जी नाही, ते तांबं घामाशी रिॲक्ट होऊन त्याचा रंग उतरतो, धुतलं की जातं, खाज येत नाही. आणि अंगठीखाली फक्त तेवढ्याच पट्ट्यात कातडी कोरडी, भेगाळलेली असेल तर बऱ्याचदा साबण आणि पाणी आत अडकून राहिलेलं असतं, धातू कुठलाही असला तरी होतं, अंगठी काढून हात नीट पुसायची सवय लावली की कमी होतं. खरी ॲलर्जी उशिरा येते, साधारण १२ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कधीही, म्हणूनच तर आपण पकडत नाही कशामुळे झालं ते. शनिवारी घातलेल्या कानातल्याचा त्रास सोमवारी सुरू झाला तर दोष कोणाला देणार?

आणि "मी हे दहा वर्षं घालतेय, याच्याने कसं होईल" हे पण चालत नाही. घामातलं मीठ धातूतून निकेलचे आयन बाहेर काढतं, ते कातडीत शिरतात, आणि कधीतरी शरीर ठरवतं की हा शत्रू आहे. एकदा ठरवलं की ती आठवण बहुतेक आयुष्यभर राहते. कान टोचल्यावर ताज्या जखमेत निकेलवालं कानातलं घालणं हा याचा सगळ्यात कॉमन रस्ता आहे.

आता मुख्य सामना, टायटॅनियम की सर्जिकल स्टील. दोन्ही "ॲलर्जी होत नाही" म्हणूनच विकले जातात आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. सर्जिकल स्टील म्हणजे सहसा ३१६एल नावाचा स्टीलचा प्रकार, आणि त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं. हो, असतं! पण त्यात क्रोमियम पण असतं, त्याचा पातळ ऑक्साइडचा थर वर तयार होतो आणि निकेलला आत बांधून ठेवतो, म्हणून बाहेर फार कमी येतं आणि बऱ्याच लोकांना काहीच होत नाही. युरोपात नियमच असा आहे की किती निकेल आत आहे ते नाही, किती बाहेर सुटतं ते मोजायचं. कातडीला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूसाठी आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांडीसाठी ०.२. भोकासाठी जास्त कडक, का ते वर सांगितलंच. टायटॅनियममध्ये हा प्रश्नच जवळपास नाही, शुद्ध टायटॅनियम असो की इम्प्लांटमध्ये वापरतात ते मिश्रण (साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ ॲल्युमिनियम, ४ व्हॅनेडियम), निकेल मुद्दाम घातलेलं नसतं आणि टायटॅनियमची स्वतःची ॲलर्जी फार दुर्मिळ आहे. मी स्वतः एका कानात टायटॅनियम आणि दुसऱ्यात सर्जिकल स्टील घालून बघितलं (पाळ्या पूर्ण बऱ्या झाल्यावर, चिघळलेल्या कानावर असले प्रयोग करू नका). स्टीलवाला कान तिसऱ्या दिवशी खाजायला लागला, टायटॅनियमवाल्याला काही घातलंय हे पण कळलं नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, ॲलर्जी नक्की असेल किंवा भोक नवीन असेल तर टायटॅनियम, स्टील नको. ॲलर्जी नसेल, भोक जुनं असेल तर स्टील मजबूत आहे, स्वस्त आहे, खुशाल घ्या. टायटॅनियमचे तोटे पण आहेत, रंग करडा, डिझाइन साधी, वजन इतकं हलकं की काहींना खोटं वाटतं, आणि अंगठी घेतली तर नंतर मोठी लहान करून मिळणं अवघड, त्यामुळे माप आधीच नीट घ्या.

नायोबियम मिळालं तर तेही टायटॅनियमच्याच पंगतीत बसवा, शुद्ध धातूच वापरतात आणि रंगीत मिळतं, तो रंग मुलाम्याचा नसतो, वरच्या ऑक्साइडच्या थराचा असतो.

सोन्याकडे येऊ. इथे पिवळं की पांढरं हा खरा प्रश्न आहे, सोनं की बाकीचं हा नाही. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, उरलेलं बहुतेक तांबं आणि चांदी, निकेलच्या ॲलर्जीवाल्यांना सहसा सोसतं. १८ ला ७५ टक्के, १४ ला ५८.५, म्हणजे कॅरेट उतरला की "बाकीचं काय आहे" हा प्रश्न मोठा होत जातो. व्हाइट गोल्डला पांढरं करायला निकेल नाहीतर पॅलेडियम घालतात, आणि वर ऱ्होडियम या चकचकीत पांढऱ्या धातूचा थर देतात. नवीन असताना काहीच होत नाही, थर झिजला की खालचं निकेल कातडीला लागतं आणि त्रास अचानक सुरू होतो, माणूस म्हणतं इतके दिवस तर चालत होतं! पॅलेडियमवालं घ्यावं तर निकेलची ॲलर्जी असलेल्या काहींना पॅलेडियमही सोसत नाही. पांढराच रंग हवा असेल आणि बजेट असेल तर प्लॅटिनम, मी व्हाइट गोल्डच्या वाटेला जाणार नाही. आणि सोन्याचीच ॲलर्जी असते का, तर असते. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००१ साली सोन्याला "ॲलर्जन ऑफ द इयर" ठरवलं होतं आणि २००८ साली निकेलला. पण ॲलर्जीच्या टेस्टमध्ये सोनं पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांनाच दागिन्याने त्रास होतो असं नाही, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर घरातलं सोनं मोडू नका.

चांदीत ९२.५ म्हणजे उरलेलं ७.५ टक्के बहुतेक तांबं, माझ्या कानाला चालते, काळी पडते तेवढंच. मात्र जर्मन सिल्व्हर नावावर जाऊ नका, त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. ॲलर्जीवाल्यांसाठी यादीतलं सगळ्यात वाईट हेच, ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारे मोठे झुमके बरेचदा यातलेच.

मुलाम्याच्या दागिन्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही, थर आहे तोवर ठीक, आणि थर पहिल्यांदा जातो तो नेमका दांडीवरून, जिथे भोकाला घासतो. पारदर्शक नेलपॉलिश लावायची आयडिया मी पण केलीय, एखाद्या संध्याकाळपुरती चालते, रोजच्यासाठी नाही.

"निकेल फ्री" आणि "हायपोॲलर्जेनिक" हे लेबल वाचून समाधान मानू नका. दुसऱ्या शब्दाला तर ठरलेलं असं मोजमापच नाही. विकणाऱ्याला विचारा की मिश्रण कुठलं, आणि दांडी, हूक, फिरकी तिन्ही त्याच धातूचे का, कारण मी एकदा टायटॅनियमचे टॉप्स घेऊनही कानामागे चट्टा आला, कारण फिरकी वेगळ्याच धातूची होती. चेनचा फासा पण असाच बघा. निकेल टेस्टचं छोटं किट मिळतं, त्यातलं डायमिथाइलग्लायऑक्झिम कापसावर घेऊन धातूवर घासायचं, गुलाबी झालं तर निकेल सुटतंय. गुलाबी नाही झालं म्हणजे शंभर टक्के सेफ असं नाही, पण जुना डबा चाळायला फार उपयोगी, माझ्या डब्यातले अर्धेअधिक गुलाबी निघाले.

आणि महाग काही घेणार असाल तर आधी पॅच टेस्ट करून घ्या. ज्यांची ॲलर्जी असू शकते अशा गोष्टी थोड्या थोड्या लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तास ठेवतात, तोवर पाठ भिजवायची नाही, काढल्यावर एकदा बघतात आणि परत एक-दोन दिवसांनी बघतात कारण काही रिॲक्शन उशिराच उठतात. पाठीवर स्टिरॉइडचं मलम लावत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, रिझल्ट दबतो. निकेलबरोबर कोबाल्ट या धातूची ॲलर्जी पण निघाली तर प्लॅटिनम घेताना पण विचारा, कारण काही प्लॅटिनममध्ये मिश्रणाला कोबाल्ट वापरतात.

नवीन वस्तू आणली की पहिल्या दिवशी तीन-चार तास घाला, काढा, आणि तीन दिवस थांबा. बिल तोवर जपून ठेवा.