सिटी बससाठी क्यूआर की टॅप कार्ड?

क्यूआर भाजीच्या गाड्यावरही चालतो, मग बससाठी वेगळं कार्ड कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण भाजीचा गाडा जागचा हलत नाही.

अहमदाबादच्या जनमार्ग बीआरटीत, म्हणजे राखीव मार्गिकेवरच्या बससेवेत, भाडं बसमध्ये चढण्याआधी, स्थानकावरच घेतात. तिथे पेमेंट रखडलं तरी बस खोळंबत नाही. छत्रपती संभाजीनगरात वाळूज औद्योगिक वसाहतीतली शिफ्ट सुटल्यावर हे सगळं चालत्या बसमध्ये, दांडी धरून उरकावं लागतं.

यूपीआयची खरी डोकेदुखी इथेच आहे. तुमचा फोन आणि कंडक्टरचं यंत्र, दोघांनाही त्याच क्षणी रेंज हवी. कधी खात्यातून पैसे कटतात, पण यंत्रापर्यंत होकार पोचत नाही आणि तिकीट निघत नाही. फोनवरची हिरवी खूण दाखवून उपयोग नसतो. कंडक्टरचा हिशेब यंत्रातून निघालेल्या तिकिटांवर होतो. मग रोख मोजायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत परत यायला हवी, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण दहा-वीस रुपयांच्या तिकिटासाठी तक्रार करत कोण बसतं? यूपीआय लाइटमुळे, म्हणजे अ‍ॅपमधल्या छोट्या रकमांच्या पाकिटामुळे, पिन टाकणं वाचतं, बँकेचा सर्व्हर झोपला असला तरी बऱ्याचदा निभावतं. रेंज मात्र लागतेच.

टॅप कार्ड म्हणजे एनसीएमसी, देशभरातल्या बस-मेट्रोसाठीचं सामायिक कार्ड. त्यात शिल्लक चिपमध्येच असते. टेकवलं की यंत्र तिथल्या तिथे भाडं कापतं, नेट असो वा नसो. माझा कल इकडे आहे. अर्थात तुमच्या मार्गावरचं यंत्र ते घेत असेल तर. आधी कंडक्टरला विचारा, मग खिशातलं रुपे डेबिट कार्डही बघा. बऱ्याच कार्डांत ही सोय असते, फक्त बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावी लागते.

कार्डाची खोच पैसे भरण्यात आहे. ऑनलाइन भरलेली रक्कम लगेच चिपवर उतरत नाही. मेट्रो स्थानकावरच्या किंवा तशी सोय असलेल्या यंत्रावर 'बॅलन्स अपडेट' निवडून कार्ड टेकवावं लागतं, आणि यंत्र हो म्हणेपर्यंत उचलायचं नाही. मराठवाड्यात मेट्रो नाही. पुण्याला जाणं-येणं असेल तर तिथल्या मेट्रो काउंटरवर हे काम उरकून घ्यावं.

चिपमध्ये २००० रुपयांपर्यंत मावतात, पण तेवढे भरू नका. कार्ड हरवलं तर ते ब्लॉक करूनही चिपमधले पैसे परत मिळत नाहीत. दोन-तीनशे पुरे.