सांगलीतील अण्वस्त्रविषयक फिरते प्रदर्शन : एक अभिप्राय

सांगलीत विश्रामबागेतील एका सभागृहात भरलेले हे प्रदर्शन तिकिटाचे पैसे वसूल करते, मात्र ते सावकाश पाहायला हवे. हिरोशिमाची छायाचित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतात. मांडणाऱ्यांची खरी मेहनत दिसते ती अपघात आणि गैरसमज यांच्या दालनात. २६ सप्टेंबर १९८३ रोजी ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे समजून इशारा दिला आणि स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला, हा प्रसंग क्रमाने उलगडला आहे: आधी एक, मग आणखी चार क्षेपणास्त्रे सुटल्याचा संदेश, आणि जमिनीवरील रडारवर मात्र काहीच नाही. शेजारीच मार्च २०२२ मध्ये भारताकडून चुकून सुटून पाकिस्तानात पडलेल्या क्षेपणास्त्राची नोंद आहे. अण्वस्त्रसज्ज शेजाऱ्यांना विचार करायला किती थोडी मिनिटे मिळतात, हे तेथील नकाशा पाहताच ध्यानात येते.

प्रसाराचे दालन त्या मानाने उरकल्यासारखे वाटले. १९७० मध्ये लागू झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांनी कधीच सही केली नाही, तर उत्तर कोरियाने २००३ मध्ये माघार जाहीर करून २००६ मध्ये चाचणी केली, एवढे सांगून फलक थांबतो. स्वतःची तयार अस्त्रे मोडीत काढणाऱ्या दक्षिण आफ्रिकेचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकते. मराठी मजकूर स्वच्छ आहे, अक्षरे मात्र फार बारीक. आठवीच्या पुढील मुलांना जरूर न्यावे. त्याहून लहानांना भाजलेल्या माणसांच्या छायाचित्रांपासून दूरच ठेवावे.