फ्रीपीबीएक्स: आलेला कॉल कुठे वळला, हे किती पटकन सापडतं?

मुख्य नंबरवर फोन येतो, रिसेप्शनला रिंग वाजतच नाही आणि समोरच्याला भर दुपारी 'ऑफिस बंद आहे' ऐकू येतं. अशा वेळी फ्रीपीबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसची फोन यंत्रणा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, माहिती सगळी मिळते, फक्त ती चार-पाच पानांवर विखुरलेली असते. आमच्या मते पाचपैकी चार गुण.

सुरुवात इनबाउंड रूटपासून, म्हणजे आलेला कॉल कुठे पाठवायचा त्या नियमापासून करा. घोळ बहुतेक वेळा डीआयडीच्या (समोरच्याने डायल केलेल्या आपल्या नंबरच्या) आकड्यांत असतो. पुण्याचा एकच नंबर एखाद्या ट्रंकवरून (फोन कंपनीकडून येणाऱ्या लाइनवरून) 020 लावून येतो, दुसऱ्यावरून +9120 लावून, तर तिसऱ्यावरून नुसते आठ आकडे. रूटमध्ये लिहिलेला नंबर अक्षरशः जुळला नाही, तर कॉल थेट 'एनी-एनी' (कुठलाही नंबर चालणाऱ्या) रूटवर जातो. काही ट्रंक डायल केलेला नंबर कॉलसोबतच्या माहितीतल्या फक्त 'टू' हेडरमध्ये पाठवतात. तिथे ट्रंकचा कॉन्टेक्स्ट (कॉल कोणत्या नियमांनी आत घ्यायचा ती सेटिंग) 'फ्रॉम-पीएसटीएन-टूहेडर' ठेवावा लागतो. 7777 डायल करून खोटा इनकमिंग कॉल करता येतो, पण त्यात तुमचा खरा डीआयडी नसल्याने हा दोष त्यातून दिसत नाही. चाचणी मोबाइलवरूनच करा.

पुढचा संशय टाइम कंडिशनवर, म्हणजे वेळेनुसार कॉल वळवणाऱ्या नियमावर. टाइमझोन यूटीसी राहिला असेल, तर सकाळी 10 ते संध्याकाळी 6 अशी लावलेली वेळ भारतात दुपारी 3:30 ते रात्री 11:30 होते. घड्याळ बरोबर असेल, तर कोणी *28 आणि पुढचा क्रमांक दाबून कॉल फ्लो (कॉलचा मार्ग हाताने बदलणारा स्विच) उलटवून ठेवलाय का, ते बघा. तो पुन्हा दाबेपर्यंत तसाच राहतो.

आयव्हीआर ('एक दाबा, दोन दाबा' सांगणारा मेनू), रिंग ग्रुप (एकाच कॉलला वाजणारे अनेक फोन) यांच्या पानांवर त्यांच्याकडे कॉल कुठून येतो तेही लिहिलेलं असतं. उलट दिशेने माग काढायला ही सोय फार उपयोगी. मात्र बदल करून 'अप्लाय कॉन्फिग' दाबलं नसेल, तर स्क्रीनवर नवा मार्ग दिसतो आणि कॉल जुन्याच वाटेने जातात.

म्हणून शेवटचा शब्द लॉगचा. अॅस्टरिस्कच्या (फ्रीपीबीएक्सच्या आतल्या, प्रत्यक्ष कॉल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लॉग फोल्डरात 'फुल' नावाची फाइल असते. चाचणी कॉलची वेळ सेकंदासह लिहून ठेवा, त्या वेळच्या ओळीत चौकटी कंसातला 'सी-'ने सुरू होणारा आयडी शोधा आणि तेवढाच ग्रेप करा (त्या आयडीच्या ओळी गाळून काढा). डीआयडी, टाइम कंडिशन, आयव्हीआर, रिंग ग्रुप, एक्स्टेन्शन असा अख्खा प्रवास क्रमाने समोर येतो. सीडीआर (कॉलच्या नोंदींच्या) रिपोर्टवर विसंबू नका: रिंग ग्रुपमध्ये सहा फोन असतील, तर एकाच कॉलच्या अनेक ओळी येतात आणि 'नो आन्सर' वाचून फोन कोणी उचललाच नाही असं वाटतं.

एक गुण कापला तो याचसाठी. हा प्रवास पडद्यावर एका क्लिकमध्ये दिसायला हवा होता. तोवर, तक्रार आली त्याच दिवशी लॉगची प्रत काढून ठेवा. जुने लॉग काही दिवसांनी आपोआप पुसले जातात.