कलिनातलं झेरॉक्सचं दुकान: डिफेक्टच्या नोट्स छापायच्या असतील तर इथेच जा

पाच पैकी पाच देतेय आणि का ते नीट सांगते, नुसतं 'छान सर्व्हिस' लिहून कोणाला काय कळणार.

मी फिजिक्समधल्या कॉन्फॉर्मल फिल्ड थिअरीतले (लहान-मोठं करूनही सारख्याच दिसणाऱ्या सिस्टिमची थिअरी) डिफेक्ट, म्हणजे सिस्टिममधून ओढलेल्या खास रेघा, शिकतेय, आमचा चौघांचा ग्रुप शनिवारी बसतो, त्यासाठी माझ्या हातच्या १८० पानी नोट्सच्या चार प्रती हव्या होत्या. आता ह्या विषयात चित्र हेच गणित असतं. रेघ कुठली, तिची दिशा कुठली, तीन रेघा मिळतात तिथे काय बसवलंय, सगळं मोजायचं असतं. टोपॉलॉजिकल डिफेक्ट असेल तर रेघ सरकवा, वाकवा, उत्तर तेच राहतं, पण वाटेत एखादं फिल्ड आलं की मात्र बदलतं. आयझिंग मॉडेलचंच घ्या, म्हणजे वर-खाली स्पिन असलेलं लोहचुंबकाचं साधं मॉडेल. क्रेमर्स आणि वानिअर यांची जास्त आणि कमी तापमानाला जोडणारी ड्युअ‍ॅलिटी १९४१ची, आणि ती एका डिफेक्ट रेघेतूनच येते हे फ्रोलिख, फुक्स, रुंकेल, श्वाइगर्ट यांनी २००४ मध्ये दाखवलं, मला आजही ते वाचताना भारी वाटतं. ही ड्युअ‍ॅलिटी रेघ सिग्मा ह्या स्पिन फिल्डवरून ओढून नेली की त्याचा म्यू, म्हणजे डिसऑर्डर फिल्ड, होतो आणि म्यूला ईटा नावाची दुसरी रेघ शेपटीसारखी लागते. शेपटीशिवाय म्यू उभाच राहू शकत नाही.

तर आधी मी घराजवळच्या एका दुकानात दिलं होतं. तिथे ब्लॅक अँड व्हाइट काढलं, आणि माझी ईटाची पिवळी रेघ सगळीकडून गायब! वर पातळ कागद, पाठपोट प्रिंट, त्यामुळे मागच्या पानावरचं वर्तुळ पुढच्या पानावर सिग्माभोवती उमटलेलं. रिकाम्या जागी ड्युअ‍ॅलिटी रेघेचं वर्तुळ रूट २ देतं, सिग्माभोवती तेच वर्तुळ शून्य देतं, म्हणजे ते पान वाचणाऱ्याचं अख्खं गणित शून्य. सगळे पैसे वाया गेले.

मग मैत्रिणीने कलिनाला युनिव्हर्सिटीजवळच्या ह्या काकांकडे पाठवलं. काकांनी आधी एकच पान काढून हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पिवळा दिसणार नाही, गडद करून आणा, आणि हे बाण कडेला कापले जातायत बघा." बाण त्यांनी स्वतःहून बघितले! बाण उलटला की डिफेक्टचा ड्युअल, म्हणजे उलट दिशेचा जोडीदार, होतो, आयझिंगमध्ये चालून जातं पण पुढच्या चॅप्टरमध्ये बायमॉड्यूल (ज्यांच्यावर दोन्ही बाजूंनी अल्जिब्रा अ‍ॅक्ट करतात अशा रचना) आहेत, तिथे डावी-उजवीकडे वेगवेगळे अल्जिब्रा असतात, बाण गेला की कोण कुठून अ‍ॅक्ट करतंय तेच कळत नाही. मी तिथेच बसून लॅपटॉपवर पिवळ्याचा हिरवा केला, त्यांनी जाड कागद सुचवला, चित्रांची पानं एकाच बाजूने आणि रंगीत, बाकी साधी. खर्चही त्यामुळे आटोक्यात राहिला.

एकच गोष्ट, स्पायरलची भोकं दोन-तीन ठिकाणी लेबलवरून गेलीत, ती चूक माझीच, डावीकडे मार्जिन जास्त सोडून न्या. सबमिशनच्या दिवसांत जाम गर्दी असते, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गाठा, आणि टेस्ट पान बघितल्याशिवाय पुढचं काढायला सांगू नका.