नाशिकच्या नौदल पेन्शनरांसाठी ‘स्पर्श’ आणि हयातीचा दाखला : सेवा चांगली आहे, नोंदी जुळत असतील तर

नाशिक हे तोफखान्याचं गाव. देवळाली कॅम्पात तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन. त्यामुळे इथे माजी सैनिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लष्करच येतं. पण सिन्नर, निफाड, सटाण्याकडची मुलं नौदलातही जातात. चिल्काला प्रशिक्षण, मग लोणावळ्याचं शिवाजी किंवा जामनगरचं वालसुरा, पंधरा-वीस वर्षं जहाजावर आणि तळावर, आणि पस्तिशी-चाळिशीत परत गावाकडे. पुढची नोकरी बँकेत, ओझरला, प्रेसमध्ये किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात. पेन्शनची अडचण आली की शेजारचे सुभेदार साहेब मनापासून सल्ला देतात, “रेकॉर्ड ऑफिसला लिहा, पार्ट टू ऑर्डर काढून घ्या.” लष्करातल्या माणसासाठी सल्ला बरोबर आहे. नौदलात मात्र लग्न, मूल, नावातला बदल या नोंदी ‘जेनफॉर्म’ या नौदलाच्या नोंदपत्राने होतात. खलाशांच्या पेन्शनची कागदपत्रं मानखुर्दला, आयएनएस तानाजीच्या पत्त्यावरचं नेव्हल पेन्शन ऑफिस पाहतं. मंजुरी मुंबईच्या पीसीडीए (नेव्ही) या संरक्षण लेखा कार्यालयाकडून येते आणि पैसे प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) कडून संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात पडतात. एवढी साखळी डोक्यात पक्की बसली तरी अर्धे हेलपाटे वाचतात.

आमचं मत आधीच सांगतो. पेन्शन स्लिप, फॉर्म १६, पत्त्यातला बदल, तक्रार आणि हयातीची नोंद या कामांसाठी ‘स्पर्श’ ही पूर्वीच्या बँकेच्या पद्धतीपेक्षा नक्कीच चांगली सेवा आहे. बँकेच्या काउंटरवर पेन्शनचा हिशेब समजावून सांगणारा माणूस मिळणं नशिबावर होतं, आता तो हिशेब महिन्याच्या महिन्याला समोर दिसतो. पण ही प्रणाली अंदाजाने काही समजून घेत नाही. नावात एक अक्षर इकडे तिकडे असलं तरी ती थांबते.

सर्वात जास्त गोंधळ होतो हयातीच्या दाखल्यात, म्हणून तो नीट पाहू. अँड्रॉइड फोनवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप लागतात. पहिलं ॲप स्क्रीनवर वेगळं उघडत नाही, ते मागून काम करतं. ते दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. पुढचा कॅमेरा निदान ५ मेगापिक्सेलचा हवा. ‘जीवन प्रमाण’मध्ये आधी ऑपरेटरची नोंद होते. घरातला मुलगा, सून, नातू, कुणीही ऑपरेटर होऊ शकतो. आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि त्याचा स्वतःचा चेहरा, एवढं झालं की पेन्शनरची पाळी. चेहरा घेताना उजेड समोरून पडावा, पाठीमागे खिडकी नको. चष्मा काढावा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरावा आणि सूचना आली की पापण्या लवाव्यात. इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेल्या स्टोकर मंडळींच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, अंगठ्याच्या यंत्रावर ते पुष्कळदा उठतच नाहीत. त्यांनी यंत्राशी झटापट न करता सरळ चेहऱ्याची पद्धत घ्यावी.

यानंतरचा स्क्रीन सगळ्यात महत्त्वाचा. पेन्शनचा प्रकार : स्वतःची असेल तर ‘सर्व्हिस’, पतीच्या पश्चात असेल तर ‘फॅमिली’. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाच्या यादीत नौदलवाल्यांनी ‘डिफेन्स – पीसीडीए (नेव्ही) मुंबई’ निवडायचं. लष्करातल्या मित्राचा फॉर्म पाहून ‘पीसीडीए (पी) अलाहाबाद’ निवडू नका. पेन्शन वाटणारी संस्था म्हणून मात्र सगळ्यांनीच ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. चूक इथेच होते. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपल्या बँकेच्या नावावर जातो. दाखला तयार होतो, प्रमाण क्रमांकाचा एसएमएसही येतो, माणूस निश्चिंत होतो. पण तो दाखला पोचतो बँकेकडे, आणि बँकेकडे आता पेन्शन वाटण्याचं कामच उरलेलं नाही. ‘स्पर्श’च्या दृष्टीने दाखला आलेलाच नसतो, आणि पुढे पेन्शन अडकते. असं झालं असेल तर घाबरू नका, योग्य संस्था निवडून नवा दाखला काढता येतो.

पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांकाच्या जागी ‘स्पर्श’चा १२ आकडी क्रमांक घालायचा, जुन्या पीपीओवरचा नाही. खातं तेच, ज्यात ‘स्पर्श’ची पेन्शन जमा होते. शेवटी दोन प्रश्न येतात : पुन्हा नोकरीला लागलात का, पुनर्विवाह केलात का. घाईत बोट चुकलं आणि ‘हो’ पडलं तर दाखला अडतो. जे खरोखरच सरकारी नोकरीत किंवा बँकेत पुन्हा लागले आहेत त्यांनी मोबाइलचा नाद न करता कागदी दाखला अधिकृत सही-शिक्क्यासह द्यावा. सातपूरच्या खाजगी कंपनीतल्या कामाला मात्र इथे सरकारी पुनर्नियुक्ती समजायचं कारण नाही.

बहुतेकांचा महिना नोव्हेंबर, ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून मुभा. तरीही ‘स्पर्श’वर लॉगिन करून पुढच्या ओळख पडताळणीची तारीख बघा आणि तीच खरी माना. दाखला दिल्यावर काही दिवसांनी पुन्हा लॉगिन करा. ती तारीख एका वर्षाने पुढे सरकली असेल तरच काम झालं. एसएमएसवर विसंबू नका.

फोन जमत नसेल तर नाशिकमध्ये दोन मार्ग सोपे आहेत. एक, जवळचं सीएससी केंद्र, म्हणजे आपल्याकडचं आपले सरकार सेवा केंद्र. जाताना आधार, आधारला जोडलेला मोबाइल चालू स्थितीत, १२ आकडी पीपीओ आणि पासबुक न्या, आणि मंजुरी देणारं कार्यालय व पेन्शन वाटणारी संस्था यांची वर सांगितलेली दोन नावं कागदावर लिहून न्या. केंद्रावरची मुलं कामाला तरबेज असतात, पण त्यांच्याकडे येणारे संरक्षण पेन्शनर बहुतेक लष्कराचे. कागद पुढे केला तर चूक होत नाही. दुसरा मार्ग पोस्टमन. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच सेवा ७० रुपयांत मिळते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी किंवा इगतपुरी, पेठकडच्या वाडीवर राहणाऱ्या विधवेसाठी याहून चांगली सोय आम्हाला माहीत नाही. या सेवेला आम्ही पूर्ण गुण देऊ.

आता नोंदी जुळण्याचा प्रश्न, आणि इथे मराठी घरांची अडचण वेगळीच आहे. भरती होताना नाव लिहिलं गेलं आडनाव आधी आणि बाकीची आद्याक्षरं, आधारवर आहे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सेवापुस्तकात ‘बाळासाहेब’ दोन शब्दांत, आधारवर एका शब्दात. पत्नीचं तर विचारूच नका : जेनफॉर्म भरला तेव्हा माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच. जन्मतारखेची गोष्ट त्याहून अवघड. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेल्या पिढ्या आपल्याकडे आहेत. आधारवर १ जून आणि नौदलाच्या नोंदीत नवऱ्याने आठवून सांगितलेली तारीख, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून आजच बघा.

दुरुस्ती कुठे करायची? मंजूर पीपीओतली नोंद बरोबर असेल आणि आधारचं स्पेलिंग चुकलं असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं. पण आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा आधी ठरवा आणि मग रांगेत उभे राहा. चूक नौदलाच्या नोंदीत असेल तर अर्ज नेव्हल पेन्शन ऑफिसकडे, सोबत प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, आधार, पॅन, पीपीओची प्रत. सेवा क्रमांक लिहिताना सहा आकड्यांनंतरचं इंग्रजी अक्षर गाळू नका. बाहेरच्या माणसाला ते फालतू वाटतं, पण त्या अक्षराशिवाय नौदलाचा क्रमांक पुरा होत नाही. पंचवटीने सीएसएमटी आणि हार्बरने मानखुर्द हा प्रवास दर वेळी करण्याची गरज नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि त्याच मजकुराची नोंद ‘स्पर्श’वरही करा.

हे सगळं एवढ्या कळकळीने सांगण्याचं कारण कुटुंब पेन्शन. माणूस हयात असताना नाव जुळवायला एक अर्ज पुरतो. तो गेल्यावर तेच काम त्याच्या पत्नीला, दुःखात, एकटीने, वारस असल्याचे पुरावे गोळा करत करावं लागतं. मृत्यूची नोंद ‘स्पर्श’वर करता येते. महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला, पत्नीचं आधार, पॅन आणि खातं लागतं. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास वाढीव दराची, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांच्या हिशेबाची कुटुंब पेन्शन सात वर्षं किंवा पेन्शनर ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर मिळते. त्यानंतर ३० टक्के. म्हणजे चीफ साहेब ६२व्या वर्षी गेले तर वाढीव दर पाच वर्षं. पुढे रक्कम घटली की बायकांना वाटतं काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं, पण हे त्यांना आधीच सांगायला हवं. मृत्यूनंतर खात्यात आलेली पेन्शन वसूल होते, म्हणून ती खर्च करू नये. खातं दोघांच्या नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या प्रकारचं ठेवलेलं बरं.

पेन्शन स्लिप हा या सेवेचा सर्वात चांगला भाग. तरी पुष्कळजण फक्त शेवटचा आकडा बघतात. एक उदाहरण घेऊ. मूळ पेन्शन २५,००० आणि ५० टक्के कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी) घेतलेलं असेल तर १२,५०० वजा होतात. महागाई भत्ता मात्र पूर्ण २५,००० वर मिळतो, उरलेल्या १२,५०० वर नाही. भत्ता ५० टक्के धरला तर १२,५०० अधिक १२,५००, हातात २५,०००. स्लिपवर भत्ता याहून कमी दिसला तर तक्रारीला जागा आहे. कम्युटेशनचा कापलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो, ती तारीख पीपीओवरच लिहून ठेवा आणि त्या महिन्याची स्लिप आवर्जून उघडा. तसंच वन रँक वन पेन्शनचा १ जुलै २०२४ पासूनचा बदल आपल्या हुद्द्याला आणि सेवेच्या वर्षांना धरून लागला का, तेही तपासा. घरात कोणी ऐंशीच्या पुढे असेल तर ८०व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के, ८५व्या वर्षी ३०, ९०व्या वर्षी ४०, ९५व्या वर्षी ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ असते. जन्मतारीख चुकलेली असेल तर ही वाढ वेळेवर लागत नाही.

उणी बाजूही आहे. पासवर्ड आणि ओटीपीच्या या जगात सत्तरीच्या माणसाला परक्याच्या हाती फोन द्यावा लागतो, आणि फसवणारे नेमकं हेच हेरतात. ‘पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला की ठेवून द्या. खरं पोर्टल ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतं, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून लॉगिन करू नका. मोबाइल क्रमांक बदलला तर आधी आधार आणि मग ‘स्पर्श’, या क्रमाने बदला. मराठीतून पूर्ण कामकाज झालं असतं तर आमचे पाचपैकी चार गुण सहज पडले असते. सध्या साडेतीन.

तक्रार करायची असेल तर १८००-१८०-५३२५ या टोल फ्री क्रमांकावर विचारणा करता येते, पण लेखी तक्रार पोर्टलवरच टाका. एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा. ‘पेन्शन कमी येते’ एवढं लिहून उत्तर गोलगोल येतं. ‘अमुक महिन्याच्या स्लिपमध्ये मूळ पेन्शन इतकी, पीपीओवर इतकी, फरक इतका’ असं लिहा, सेवा क्रमांक, हुद्दा, ग्रुप, सेवेची वर्षं आणि निवृत्तीची तारीख द्या, पीपीओ आणि स्लिप जोडा. मजकूर जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पण जाताना जुना पीपीओ, त्यानंतर निघालेले सगळे दुरुस्ती पीपीओ आणि नौदलाचं सेवा प्रमाणपत्र घेऊन जा. त्यांच्याकडेही लष्कराचीच गर्दी असते, तेव्हा नौदलाचे आहात आणि कागद मानखुर्दला जायचे आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगा.