क्राबीची बेटे, बंद असलेला माया बे आणि न लिहिलेला दर

१५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत मी, पत्नी आणि मुलगी थायलंडमधील क्राबीला गेलो होतो. बोटीने बेटे पाहावीत आणि तिथले मासे पोटभर खावेत, एवढाच आमचा बेत होता. दोन्ही बाबतींत आमची फसवणूक झाली आणि ती करणारा माणूस स्वच्छ मराठीत बोलणारा होता, म्हणून दिवाळीत तिकडे निघालेल्यांसाठी हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात आली होती. स्पीडबोटीने फी फी बेटे, त्यांतल्याच एका बेटावरचा माया बे हा छोटा उपसागर आणि बांबू बेट, शिवाय राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क आणि दुपारचे जेवण, असे सगळे मिळून माणशी ६,५०० रुपये. जाहिरात देणाऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, मी इथे क्राबीत, आओ नांगलाच राहतो, तुम्ही फक्त या, बाकी सगळं माझ्यावर सोडा." परमुलखात आपल्या भाषेत बोलणारा माणूस मिळाला की जीव भांड्यात पडतो. माझाही पडला आणि तिघांचे १९,५०० रुपये मी यूपीआयने पाठवून दिले. खात्यावरचे नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळे होते. "अहो, हे नाव दुसऱ्याचंच दिसतंय," असे पत्नीने तेव्हाच म्हटले होते, परंतु ते भागीदाराचे खाते आहे हे त्याचे उत्तर मला पुरेसे वाटले. पावती मी मागितलीच नाही.

ठरलेल्या सकाळी आओ नांगच्या किनाऱ्यावर तो स्वतः आला नाही. आमच्या हॉटेलचे नाव लिहिलेली गुलाबी चिठ्ठी घेऊन एक नावाडी उभा होता आणि त्याच्यामागे स्पीडबोट नव्हे, तर पुढच्या टोकाला रंगीत फिती बांधलेली लाकडी लाँगटेल बोट होती. चिठ्ठीवर 'चार बेटे' आणि माणशी ४५० बाथ असे लिहिले होते, म्हणजे आपले साधारण सव्वाअकराशे रुपये. ही सफर पोडा, टुब, चिकन आयलंड आणि फ्रा नांगचा किनारा अशी जवळच्या जवळ असते आणि ती फी फीपर्यंत जातच नाही. वर उद्यानाचे शुल्क आमच्याकडून वेगळे घेतले गेले. नावाड्याचा यात काहीही दोष नव्हता, त्याला जेवढे पैसे मिळाले होते तेवढी बेटे त्याने मनापासून दाखवली. मी फोन लावला तेव्हा उत्तर मिळाले, "काका, समुद्र खवळलाय, माया बे आजच बंद केलाय."

हे धादांत खोटे होते. पर्यटकांच्या गर्दीने तिथल्या प्रवाळांची हानी झाल्यामुळे माया बे जून २०१८ पासून २०२१ च्या अखेरीपर्यंत बंदच ठेवला होता आणि जानेवारी २०२२ मध्ये तो उघडल्यानंतरही दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने तो विश्रांतीसाठी बंद असतो. आओ नांगला राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणे शक्य नाही. त्याने आम्हाला जे विकले, ते त्या तारखेला अस्तित्वातच नव्हते.

त्याच संध्याकाळी, झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून, त्याने एका समुद्रकाठच्या हॉटेलात आपले नाव सांगायला सांगितले आणि आम्ही पुन्हा त्याच्या शब्दावर गेलो. बर्फावर मांडलेल्या माशांत मला प्ला कपोंग दिसला. हा म्हणजे आपला जिताडा. मी पेणचा असल्यामुळे तो ओळखायला मला पाटी वाचावी लागत नाही. पाटीवर फक्त '९०' लिहिले होते. वाढप्याने मासा पाणी निथळत असलेल्या प्लास्टिकच्या टोपलीसकट काट्यावर ठेवला, काट्याची आकडे दाखवणारी काच आमच्या बाजूला नव्हती, आणि तो आत घेऊन गेला. लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या रसात वाफवलेला मासा ताटात आला तेव्हा त्याचे डोके माझ्या तळहाताएवढेही नव्हते. मी निवडलेला मासा हातभर लांब होता. बिल मात्र १,४४० बाथचे होते, म्हणजे सुमारे ३,६०० रुपये. तिकडे मासळीचा दर 'खीत'वर, म्हणजे १०० ग्रॅमवर सांगण्याची पद्धत आहे आणि ती पद्धत स्वतः खोटी नाही. फसवणूक होती ती पाटीवर एकक न लिहिण्यात, टोपली तोलण्यात आणि मासा बदलण्यात.

दुसऱ्या रात्री क्राबी गावातील एका साध्या खानावळीत बाईंनी रिकामे ताट काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, मग मासा ठेवला आणि कागदावर वजन, दर आणि बेरीज लिहून माझ्यासमोर सरकवली. तो जिताडा आम्ही शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ला.

तिथल्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, हे मला परत निघताना कळले. भारतात परतल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, परंतु पैसे पाठवून बरेच दिवस झाले होते आणि खाते रिकामे होते. अशी तक्रार पहिल्या काही तासांतच करायला हवी. त्याचा जुना क्रमांक आता बंद आहे, मात्र तीच जाहिरात तशाच मजकुरासह दिवाळीच्या सहलीसाठी पुन्हा फिरते आहे. दिवाळीत माया बे उघडा असतो, त्यामुळे या वेळी सबब दुसरी असेल. बोट कोणती, बेटे कोणती आणि परदेशी प्रौढांसाठीचे ४०० बाथचे उद्यान शुल्क धरले आहे की नाही, हे परवाना क्रमांक छापलेल्या पावतीवर लिहून मिळाल्याखेरीज त्याला एक रुपयाही पाठवू नका.